प्रतिविषाची परीक्षा आपल्या सापांच्या विषावर व्हावी : सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
आणि
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण

विषय : सर्पदंशावरील प्रतिविषाच्या खरेदीत स्थानिक विषावरील चाचणीची अट घालण्याबाबत.

महोदय,

माझी सारी नोकरी राज्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत झाली आणि तिचा मोठा भाग कोकणात गेला. सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करताना जे प्रश्न मला त्या काळी पडत असत, त्यांपैकी काहींची उत्तरे गेल्या सहा-सात वर्षांतील संशोधनाने दिली आहेत. परंतु ती उत्तरे आपल्या औषध भांडारापर्यंत पोहोचलेली मला दिसत नाहीत, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. माझी विनंती एकच आहे. राज्य सरकार यापुढे सर्पदंशावरील प्रतिविष, म्हणजे दवाखान्यात ज्याला आपण सगळे ‘एएसव्ही’ म्हणतो ते, ज्या ज्या उत्पादकाकडून विकत घेईल, त्याच्या औषधाची महाराष्ट्रात पकडलेल्या सापांच्या विषावर स्वतंत्र प्रयोगशाळेत चाचणी व्हावी आणि तिचा निकाल जाहीर करावा.

ही मागणी कोठून आली ते सांगण्यासाठी एका रुग्णाची हकिगत थोडक्यात सांगतो. भातलावणीचे दिवस होते. पहाटे चारच्या सुमारास आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला त्याच्या आईने आणि काकाने आणले. तक्रार पोटदुखीची होती, रात्रीचे जेवण बाधले असावे असे घरच्यांचे म्हणणे होते आणि अंगावर दंशाची खूण शोधूनही सापडली नाही. मुलगा जमिनीवर गोधडी टाकून झोपला होता, एवढी माहिती मिळाली आणि त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या तेव्हा मण्यार चावल्याचे निदान झाले. आम्ही दहा कुप्या दिल्या, पुढे आणखी दहा दिल्या. श्वास मंदावत गेला. रुग्णालयात व्हेंटिलेटर नव्हता, तेव्हा नळी घालून हाताने दाबायच्या फुग्यावर श्वास चालू ठेवला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत रुग्णवाहिकेत परिचारिका, मदतनीस आणि मुलाचा काका यांनी पाळीपाळीने तो फुगा दाबला. मुलगा वाचला. त्या वीस कुप्यांनी त्यात नेमके काय केले, हे मला आजही सांगता येणार नाही.

यात सगळा दोष औषधाला देणे बरोबर नाही, हे मी आधीच मान्य करतो. मण्यारीच्या विषातील काही घटक मज्जातंतूंची टोकेच निकामी करतात आणि एकदा ते घडले की कोणतेही प्रतिविष ती टोके परत आणू शकत नाही. ती पुन्हा तयार होईपर्यंत रुग्णाला श्वास पुरवणे हाच उपचार उरतो. परंतु औषध उशिरा पोहोचले म्हणून उपयोगी पडले नाही, की ते त्या भागातील मण्यारीच्या विषाला पुरेसे लागूच पडत नव्हते, या दोन शक्यतांमध्ये निवड करण्याचे साधन माझ्यापाशी नव्हते. आज माझ्या जागी काम करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यापाशीही ते नाही.

भारतात मिळणाऱ्या प्रतिविषाच्या कुपीवर चार सापांची नावे असतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. एक मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे आणि घोणशीचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यारीचे आणि फुरशाचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झाले पाहिजे, असे प्रमाण ठरलेले आहे. दहा मिलिलिटरच्या एका कुपीचा हिशेब घोणशीसाठी सहा मिलिग्रॅमचा होतो. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असे जुन्या मोजमापांवरून धरले जाते आणि सुरुवातीला आठ ते दहा कुप्या द्याव्यात, ही आपल्या उपचार मार्गदर्शक सूचनांमधील संख्या याच हिशेबातून आलेली आहे. म्हणजे आपल्या राज्यातला प्रत्येक वैद्यकीय अधिकारी रात्री-अपरात्री ज्या आकड्यावर भरवसा ठेवून काम करतो, तो आकडा कुपीवरील प्रमाण त्याच्या तालुक्यातील घोणशीलाही लागू आहे या गृहीतकावर उभा आहे. ते प्रमाण तेथे निम्मेच भरत असेल, तर दहा कुप्या या प्रत्यक्षात पाचच कुप्या ठरतात.

हे गृहीतक कच्चे आहे. देशातील प्रतिविष उत्पादकांना लागणारे बहुतांश विष तमिळनाडूत मामल्लपुरमजवळ असलेल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७८ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पिढ्यान्‌पिढ्या साप ओळखणाऱ्या माणसांनी परवान्यानुसार साप पकडावेत, काही आठवडे ठेवून त्यांचे विष काढावे आणि त्यांना पुन्हा रानात सोडावे, ही व्यवस्था जगात अपवादानेच आढळेल. तरीही ते साप एका राज्याच्या मोजक्या भागातले आहेत. त्यांच्या विषावर घोड्यांमध्ये तयार झालेली प्रतिद्रव्ये राजापूरच्या कातळावरील फुरशाला, मराठवाड्याच्या कोरड्या रानातील घोणशीला आणि गोंदियाच्या बांधावरील नागाला सारखीच लागू पडतील, हे कोणीतरी तपासून पाहायला हवे होते.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने गेल्या काही वर्षांत नेमके हे काम हाती घेतले. २०१९ च्या त्यांच्या अभ्यासात चार प्रमुख सापांखेरीज भारतात माणसांना चावणाऱ्या इतर विषारी सापांचे विष तपासले गेले आणि बाजारातील प्रतिविष त्यांतल्या अनेकांपुढे अपुरे पडल्याचे आढळले. २०२१ मध्ये देशाच्या वेगवेगळ्या जैवभौगोलिक प्रदेशांतील नागांच्या आणि घोणशींच्या विषाचे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेश बदलला की घटकांमध्ये आणि तीव्रतेत बदलते आणि त्याबरोबर प्रतिविषाचा प्रभावही कमी-अधिक होतो, असे त्यांतून दिसले. घोणशीच्या बाबतीत पुढचा प्रश्न हा होता की हा बदल कशाशी बांधलेला आहे. २०२५ मध्ये याच गटाने ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींच्या विषाची सांगड त्या ठिकाणच्या तापमानाशी आणि पावसाशी घातली, तेव्हा विषातील फरकाचा काही भाग हवामानावरून सांगता येतो आणि कोरड्या प्रदेशातील घोणशींच्या विषात प्रथिने तोडणाऱ्या विकरांचे काम अधिक असते, असे त्यांना आढळले. कोकणात जेथे हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तेथून घाट चढून शंभर-दीडशे किलोमीटर पूर्वेला गेले की अवर्षणग्रस्त तालुके लागतात आणि घोणस दोन्हीकडे आहे. हवामानाचा असा उतार एकाच राज्यात असलेल्या शासनाने हा निष्कर्ष दुसऱ्या कोणाचा मानणे योग्य होणार नाही.

विष हे एकच द्रव्य असते तर प्रश्न सोपा होता. २०२० मध्ये भारतीय नागाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा विषग्रंथीत सक्रिय असलेली विषाशी संबंधित १३९ जनुके आढळली आणि त्यांतील १९ प्रामुख्याने त्या ग्रंथीतच काम करतात असे दिसले. कोणते जनुक किती प्रमाणात व्यक्त होते यावर मिश्रणाचा तोल ठरतो आणि घोड्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये त्याला टोचलेल्या मिश्रणाच्याच प्रमाणात बनतात. त्यामुळे ‘नागाचे औषध’ असे म्हणताना आपण खरे तर ‘अमुक ठिकाणच्या नागांच्या विषाचे औषध’ म्हणत असतो.

येथे चाचणीच्या पद्धतीबद्दलही एक गोष्ट आपल्या लक्षात आणून देणे मला आवश्यक वाटते, कारण खरेदीच्या कागदपत्रांत ती दिसत नाही. प्रमाणित चाचणीत विष आणि प्रतिविष आधी एकत्र मिसळून काही वेळ ठेवतात आणि नंतर ते मिश्रण उंदराला टोचतात. रुग्णाच्या शरीरात विष आधी गेलेले असते आणि औषध काही तासांनी येते. म्हणजे प्रयोगशाळेतील आकडा औषधाच्या बाजूने आधीच झुकलेला असतो. आणि तशा झुकत्या मापातही जे औषध एखाद्या प्रदेशाच्या विषापुढे कमी पडते, ते वॉर्डात काय करत असेल याचा अंदाज करावा.

परक्या विषावर बनलेले प्रतिविष वापरले की काय होते, याचे उदाहरण प्रयोगशाळेच्या बाहेरही आहे. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात पूर्वी वापरल्या जाणाऱ्या प्रतिविषाच्या जागी भारतीय सापांच्या विषावर बनवलेले औषध आले. तेथे चावणारा साप आपल्या फुरशाचाच भाऊबंद असला तरी त्याची जात वेगळी आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील एका रुग्णालयातील सर्पदंशाच्या मृत्यूंचे प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेल्याची नोंद आहे. तमिळनाडू आणि महाराष्ट्र यांच्यातले अंतर भारत आणि घाना यांच्याइतके नाही आणि साप एकाच जातीचे आहेत, हे मला मान्य आहे. परंतु फरक किती आहे हे न मोजताच तो नगण्य आहे असे धरून चालणे, हीच चूक तेथे झाली होती.

खरे सांगायचे तर ही चूक विज्ञानाच्या इतिहासात आणखी जुनी आहे. फ्रेंच वैद्य आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात पहिले प्रतिविष बनवले, ते मुख्यतः नागाच्या विषावर. आणि ते सर्व सापांवर चालेल असा त्यांचा विश्वास होता. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला भारतात काम करणाऱ्या जॉर्ज लँब यांनी घोणशीच्या विषावर ते चालत नाही हे प्रयोगाने दाखवले आणि प्रत्येक जातीसाठी तिच्याच विषाचा वापर करावा लागतो हे तत्त्व रुजले. सव्वाशे वर्षांनी आता तेच तत्त्व जातीच्या आत, प्रदेशापर्यंत नेण्याची वेळ आली आहे.

आपल्या कार्यालयातून यावर एक उत्तर येऊ शकते, की नवी औषधे येतच आहेत, मग जुन्या औषधाच्या चाचणीवर खर्च कशासाठी? वर्तमानपत्रांतून अलीकडे आलेल्या बातम्या खोट्या नाहीत. २०२४ मध्ये नाग-मण्यार कुळातील सापांच्या एका प्रकारच्या चेताविषांना निष्प्रभ करणारे एक प्रतिद्रव्य प्रयोगशाळेत शोधले गेले आणि त्या कामात बंगळूरच्या गटाचाही सहभाग होता. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर नव्याने रचलेली छोटी प्रथिने अशाच विषघटकांना अडवतात हे दाखवले. त्याच वर्षी, स्वतःला अनेक वर्षे विष टोचून घेणाऱ्या एका अमेरिकी माणसाच्या रक्तातून मिळवलेली दोन प्रतिद्रव्ये आणि व्हॅरेस्प्लॅडिब हे औषध यांच्या मिश्रणाने १९ पैकी १३ जातींच्या विषापासून उंदरांना पूर्ण संरक्षण मिळाले. हे सारे काम मोलाचे आहे, पण ते उंदरांवरचे आहे आणि नाग-मण्यार कुळावरचे आहे. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवणाऱ्या आणि ऊती सडवणाऱ्या विकरांचे असते. माणसांवर प्रत्यक्ष तपासलेले नवे औषध म्हणजे तोंडाने घ्यायचे व्हॅरेस्प्लॅडिब. भारतात आणि अमेरिकेत ९५ रुग्णांवर झालेल्या त्याच्या चाचणीत मुख्य निकषावर स्पष्ट फरक दिसला नाही, लवकर औषध मिळालेल्या रुग्णांत मात्र काही आशादायक खुणा दिसल्या. म्हणून माझ्या मते पुढची निदान दहा वर्षे तरी आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये घोड्याच्या रक्तापासून बनलेलीच कुपी असणार आहे. ती चांगली कशी करता येईल, हाच आजचा व्यावहारिक प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. प्रतिविष बनवणारे उत्पादक मुळात मोजके आहेत, नफा बेताचा आहे आणि अटी कडक केल्या तर निविदेला कोणीच येणार नाही. आफ्रिकेसाठी उत्तम प्रतिविष बनवणाऱ्या एका मोठ्या युरोपीय कंपनीने २०१४ मध्ये परवडत नाही म्हणून ते उत्पादन बंद केले आणि त्याची किंमत तेथील खेड्यांनी मोजली, हे सर्वज्ञात आहे. म्हणूनच पहिली दोन वर्षे ही चाचणी कोणालाही अपात्र ठरवण्यासाठी नसावी, असे मी सुचवतो. प्रत्येक उत्पादकाने पुरवठ्याबरोबर काही कुप्या चाचणीसाठी द्याव्यात, राज्याने त्या आपल्या खर्चाने तपासून घ्याव्यात आणि निकाल जिल्हा शल्यचिकित्सकांपासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत सर्वांना कळवावेत. एखाद्या भागातील घोणशीसाठी कुपीचा प्रभाव कमी असल्याचे वैद्यकीय अधिकाऱ्याला माहीत असेल, तर तो रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी अधिक नेटाने पुन्हा पुन्हा करील, पुढची मात्रा वेळेवर देईल किंवा रुग्ण आधीच पुढे पाठवील. केवळ माहितीनेही जीव वाचतात. तिसऱ्या वर्षापासून मात्र किमतीबरोबर या निकालालाही गुण असावेत.

चाचणी कोणी करावी? परळची हाफकिन संस्था हे पहिले स्वाभाविक उत्तर आहे. १८९९ पासूनची तिची परंपरा आणि सर्पविषाच्या कामाचा तिचा अनुभव राज्याजवळच आहे. परंतु १९७५ मध्ये तिच्यापासून वेगळे झालेले शासकीय महामंडळ स्वतः प्रतिविषाचे उत्पादक आहे, तेव्हा नावातील साधर्म्यामुळेही शंका येऊ नये म्हणून निम्मे नमुने राज्याबाहेरील शैक्षणिक प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे तपासावेत, हे बरे.

आणि त्यासाठी विष लागेल. येथे वन विभागाला बरोबर घेतल्याशिवाय काही होणार नाही, कारण वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साप पकडणे आणि त्याचे विष काढणे परवानगीशिवाय शक्य नाही, आणि ते तसेच असावे. परंतु आपल्या राज्यात घराघरांतून, गोठ्यांतून, जांभ्या दगडाच्या गडग्यांतून सर्पमित्र रोज साप पकडून रानात सोडत असतात. त्यांतील घोणस, नाग, मण्यार आणि फुरसे यांचे विष सोडण्यापूर्वी प्रशिक्षित व्यक्तींनी अधिकृत केंद्रात काढले आणि साप कोठे सापडला याची अचूक नोंद ठेवली, तर एकही जादा साप न पकडता राज्याच्या प्रत्येक हवामान पट्ट्याचा नमुना दोन पावसाळ्यांत जमा होऊ शकेल. हौशी सर्पमित्रांनी स्वतः विष काढण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. त्यात जीव गेलेले लोक आपण पाहिले आहेत. सह्याद्रीतील चापड्यांचा विचारही याच कामात व्हावा, कारण त्यांच्या दंशावर भारतात आजही खास प्रतिविष उपलब्ध नाही आणि वैद्यकीय अधिकारी नाइलाजाने चार सापांचेच औषध देतात.

मृत्यूंच्या मोजणीबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. घरोघरी जाऊन केलेल्या मृत्यू पाहणीच्या आधारे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेल्याचा अंदाज दिला. ज्या आठ राज्यांत यांतील सुमारे ७० टक्के मृत्यू झाले, त्यांत महाराष्ट्र नाही. याचे काही श्रेय आपल्या आरोग्य केंद्रांच्या जाळ्याला आहे, असे मी अभिमानाने म्हणेन. आणि महाडला राहून विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार जगापुढे मांडणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्यासारख्यांनी ग्रामीण वैद्यकाला जी शिस्त लावली, तिलाही आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्याविषयी राज्यांना कळवले आहे. आपल्याकडे एक जास्तीची सोय आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झालेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात आणि त्यासाठी कृषी विभागाकडे गावनिहाय कागदपत्रे येतात. ही कागदपत्रे आणि आपल्या विभागाच्या नोंदी एकत्र ठेवल्या, तर कोणत्या तालुक्यात औषध मिळूनही माणसे दगावली हे शोधता येईल आणि विषाचे नमुने आधी कोठून घ्यायचे, हेही ठरेल.

प्रतिविषाच्या पुढील निविदेचा मसुदा तयार होत असताना त्यात स्थानिक विषावरील चाचणीचे कलम घालणार आहात की नाही आणि नसल्यास कोणत्या कारणाने, एवढे आपण जाहीरपणे कळवावे, ही विनंती. कलमाचा मजकूर, नमुन्यांची संख्या किंवा नोंदीचा तक्ता ठरवण्यासाठी समिती नेमलीत, तर मी आणि माझ्यासारखे निवृत्त सहकारी विनामोबदला बसायला तयार आहोत. लावणीच्या आधी एक बैठक झाली तर उत्तम, कारण नंतर ग्रामीण रुग्णालयातल्या कोणालाही मुंबईला यायला सवड नसते.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी